मार्जिन कसं तपासणार, एवढं विचार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सुजितचा मेसेज आला. छातीतली कॅन्सरची गाठ काढतानाच आत उरलेला कॅन्सर दाखवणारं यंत्र अमेरिकेत निघालंय, तर आईला तिकडे आणू का, असं विचारतोय. त्याची तळमळ कळते गं. पण तू एवढ्यात पासपोर्ट शोधायला लागू नकोस. मी इथे अमेरिकेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये असल्यामुळे काढलेल्या गाठीचं पुढे काय होतं ते रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

गाठ आमच्याकडे येते ती भोवतीच्या थोड्या चांगल्या मांसासकट. ही चांगल्या मांसाची कड म्हणजेच मार्जिन. सर्जनने तिला दोन टाके मारलेले असतात. आखूड टाका म्हणजे वरची बाजू, लांब टाका म्हणजे बाहेरची. आम्ही प्रत्येक बाजूला वेगळ्या रंगाची शाई लावतो, शाई वाळली की पातळ चकत्या कापतो आणि पुढे मायक्रोस्कोपखाली बघतो, की कॅन्सरच्या पेशी शाईला भिडल्यात का. भिडल्या नसतील तर मार्जिन निगेटिव्ह. भिडल्या असतील तर आत काहीतरी राहिलं असण्याची भीती, म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा ऑपरेशन. हा रिपोर्ट यायला काही दिवस जातात. तोवर बाई घरी गेलेली असते, जखम भरत आलेली असते आणि मग दवाखान्याचा फोन येतो. छाती राखून केलेल्या ऑपरेशनांत साधारण पाचातल्या एकीला असं परत टेबलावर जावं लागतं. मला या कामातलं सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

सुजित म्हणतो ते यंत्र याच्यासाठीच आहे. ऑपरेशनच्या काही तास आधी शिरेतून पेगुलिसियानिन नावाचं औषध देतात. कॅन्सरच्या जागी काही एन्झाइम जास्त असतात, त्यांच्यामुळे ते औषध तिथे चमकायला लागतं. गाठ काढून झाली की सर्जन हातातला प्रोब त्या पोकळीत सगळीकडून टेकवतात आणि संशयाची जागा स्क्रीनवर दिसते. एप्रिल २०२४ मध्ये इथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, त्याला मंजुरी दिली.

आता आकडे बघ. मंजुरीआधीच्या अभ्यासात ३५७ बायका होत्या. नेहमीचं ऑपरेशन पुरं झाल्यावर या यंत्राने त्यांतल्या २७ जणींमध्ये उरलेला कॅन्सर पकडला. त्या २७ जणींसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण उरलेल्या कॅन्सरच्या जवळजवळ निम्म्या जागा त्याला दिसल्याच नाहीत, आणि थोड्या जणींना औषधाची गंभीर ॲलर्जीही आली. शेवटचा शब्द अजूनही शाई लावलेल्या चकत्यांचाच आहे. यासाठी उपचार लांबवून, कर्ज काढून इथवर येणं मला अजिबात पटत नाही.

टेबलावरच तपासायच्या जुन्या पद्धती पुण्या-मुंबईतही आहेत. काढलेल्या गाठीचा तिथल्या तिथे एक्स-रे काढतात. फ्रोझन सेक्शनही करतात, म्हणजे तुकडा गोठवून थोड्या वेळात बघतात. छातीतली चरबी नीट गोठत नाही म्हणून ते दर वेळी चोख निघतं असं नाही, पण अनुभवी पॅथॉलॉजिस्ट असेल तर खूप उपयोग होतो. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार, ‘मार्जिन ऑपरेशन चालू असतानाच कसं तपासणार? आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक बाजूचं मार्जिन मिलिमीटरमध्ये लिहून येईल ना?’ असं विचारल्याने कुणी रागावत नाही, मावशी. संकोच करू नकोस.

आणखी एक, आणि हे सुजितलाही वाचून दाखव. तुला आधी केमो देणार असतील, तर सुरू करण्यापूर्वी गाठीत बारीक क्लिप बसवणार का, ते विचारा. केमोने गाठ कधी कधी इतकी विरते, की नंतर नेमकी कुठली जागा काढायची तेच सापडत नाही. क्लिप असली की ती एक्स-रेत दिसते.

बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो पाठवा, सगळी पानं. डॉक्टरांकडे जाल तेव्हा मला फोनवर घ्या, इथे रात्र असली तरी चालेल. काकांना नमस्कार.

तुझी,
मनू