कूलर कुठे लावायचा?

महोदय,

नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी लागलेल्या पुतण्यासाठी बेसा भागात एका खोलीचा फ्लॅट बघितला. राष्ट्रीय इमारत संहितेत एकाच खोलीच्या घरासाठी किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०२ चौरस फुटांची खोली आणि २.४ मीटर रुंदी सुचवली आहे. ही खोली त्यात बसत होती. पण खिडकी एकच आणि तीही डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या अरुंद बंदिस्त पोकळीत उघडणारी! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते, आत आलेली हवा बाहेर जायला दुसरी वाटही लागते. नाहीतर रात्रभर नुसती चिकचिक. मग एसी घ्या, वीजबिल भरा; स्वस्त घराचा स्वस्तपणा तिथेच संपला.

त्यात दलाल ‘सुपर बिल्टअप’चा, म्हणजे जिना-लिफ्टचा वाटाही धरलेला आकडा ऐकवत होता. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, सांगायला लावणारा रेरा हा गृहप्रकल्पांचा कायदा २०१६ चा, तरी ते विचारलं की लोक अजून चाचरतात.

छोट्या घरांना माझा विरोध नाही. एकट्या पोराला दोन खोल्यांचं भाडं कशाला? पण खोली जितकी लहान, तितकी समोरासमोरच्या खिडक्यांची सक्ती कडक हवी. नकाशा मंजूर करताना कूलरची जागाही बघावी.

— एक वाचक, मानेवाडा, नागपूर