टेन्शनवर ढकलून झालं

कोथरूड, पुणे
२ ऑगस्ट

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "टेन्शन घेऊ नको लेका, बीपी काय आजकाल सगळ्यांनाच असतं," आणि लगेच क्रिकेटवर घसरलास. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ धुसफुसत बसलो. चार महिने झाले, भेटेल तो माणूस मला हेच ऐकवतोय. फोनवर तुझ्याशी धड बोलणं होत नाही, मध्येच तू बँकेच्या काउंटरवरच्या कुणावर तरी खेकसतोस. म्हणून हे पत्र. शाळेच्या सुट्टीत लिहायचो तसंच, फक्त अक्षर आणखी बिघडलंय.

झालं असं. मार्चमध्ये ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. कॉलेजपासून वर्षातून दोनदा मी रक्त देतो, तुला माहीतच आहे. कँटीनमधली टेबलं सरकवून खाटा टाकल्या होत्या. नर्सने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, परत भरली आणि शेजारच्या डॉक्टरांना हळूच हाक मारली. १६८/१०४. वरचं १४० च्या किंवा खालचं ९० च्या पुढे असलं तर रक्त घेत नाहीत. मी म्हटलं, जिने चढून आलोय. साफ खोटं, लिफ्टने आलो होतो. दहा मिनिटांनी परत बघितलं तर १६४/१०२. "सर, लगेच तुमच्या डॉक्टरांना दाखवा," म्हणाली आणि रक्त देणाऱ्यांसाठी ठेवलेला बिस्किटांचा पुडा माझ्याही हातात दिला. तो पुडा दोन दिवस बॅगेत तसाच होता.

आणि बंड्या, मला काही म्हणजे काही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नाही, छातीत धडधड नाही. आदल्या रविवारी सिंहगड चढून आलो होतो (पायथ्यापासून नाही, पण ते सोड).

त्या रात्री अप्पा आठवले. पहाटे तुझ्या मामांची व्हॅन काढून आपण त्यांना नेलं, तेव्हा पक्षाघाताने त्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि तू मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास. दीड महिना त्यांनी बीपीची गोळी बंद केली होती, हे आम्हाला नंतर कळलं. का, तर "आता बरं वाटतंय." अरे, त्यांना बरंच वाटायचं, गोळी चालू असताना आणि त्याआधीही. वर्षानुवर्षं मी या गोष्टीवरून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलोय. आणि रक्तदानाच्या वेळचं सोडलं तर मी स्वतः शेवटचं बीपी कधी मोजून घेतलं होतं, ते मला आठवेना. वडिलांना होतं म्हणजे मला व्हायची शक्यता जास्त, एवढं तर मलाही कळत होतं.

आमच्या डॉक्टरांकडे गेलो आणि बसल्याबसल्या सांगून टाकलं, "डॉक्टर, कामाचं टेन्शन आहे." माझ्या डोक्यात केस तयार होती. आरोपी माझा मॅनेजर. रात्री साडेआठला अमेरिकेचा कॉल लावतो, अकरापर्यंत सोडत नाही. त्याआधी भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तास गेलेला असतो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, आधी एक आठवडा घरी मोजून आणा. सकाळ-संध्याकाळ, दर वेळी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून.

मशीन आणलं. पहिल्या दिवशी मी पलंगावर मांडी घालून बसलो, पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधला आणि मोजता मोजता लेकीला ओरडलो, टीव्ही बारीक कर. १७१ आलं. मग डॉक्टरांनी दिलेला कागद शोधला. पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर. आधी लघवीला जाऊन यायचं. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही (हे तुझ्यासाठी परत एकदा लिहितो: तंबाखू नाही). तसं केल्यावर आकडे उतरले, पण पुरेसे नाहीत. आठवड्याची सरासरी १५२/९६ निघाली. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर गेलं की ते वाढलेलं धरतात. म्हणजे 'डॉक्टरांना बघून घाबरलो म्हणून वाढलं' हा बचावही गेला.

मग त्यांनी माझा अख्खा दिवस उलगडून घेतला. सकाळी काय खातोस, डब्यात काय असतं, चार वाजता काय, पाठ दुखली की काय घेतोस, घोरतोस का, झोपतोस किती. मॅनेजरचं नाव एकदाही निघालं नाही, याचं मला खरंच वाईट वाटत होतं.

आधी पाठदुखीचं सांगतो. दिवसाचे दहा तास खुर्चीत, त्यामुळे कंबर धरते, म्हणून ड्रॉवरमध्ये गोळ्यांची पट्टी. आठवड्यातून तीन-चार वेळा तरी घ्यायचोच. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठून बीपी वाढतं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. तुझ्याही ड्रॉवरमध्ये पट्टी असते, ऑडिटच्या वेळी मला दिली होतीस.

पण खरी गंमत मिठाची. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. मी म्हटलं, आमच्याकडे कुणी वरून मीठ घेत नाही. बायको काही बोलली नाही. तिने मिठाचा नवा पुडा फोडला आणि त्यावर पेनाने तारीख टाकली. एक किलोचा पुडा, माणसं चार. चोविसाव्या दिवशी पुडा संपला. गुणाकार-भागाकार तूच कर, बँकेत आहेस: माणशी दहा ग्रॅमच्या वर. त्यातलं थोडं भाज्या धुण्यात गेलं म्हण, तरी बाहेरचं यात कुठेच नाही. बाहेरचं म्हणजे कँटीनचं मंचाव सूप, चारचं फरसाण, शुक्रवारची मिसळ, आणि मी 'हेल्दी' म्हणून रोज प्यायचो तो मसाला ताकाचा पाऊच. त्या पाऊचवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली तेव्हा चष्मा पुसून परत वाचली.

ऑफिसातल्या एकाने सैंधव वापरायला सांगितलं. दुसऱ्याने गुलाबी. रंग कुठलाही असो, त्यात बीपी वाढवणारं सोडियम जवळपास तेवढंच. दुकानात कमी सोडियमचं म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. ते कित्येकांना चालतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असला किंवा माझ्यासारखी बीपीची गोळी चालू असली तर विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. मी विचारलं, नको म्हणाले. मग साधंच मीठ, पण हात आखडून. पहिले पंधरा दिवस आमटी गरम पाण्यासारखी लागायची. आता हॉटेलातली भाजी खारट लागते. नंतरचा पुडा अडतीस दिवस पुरला, याचा बायकोला माझ्या बीपीपेक्षा जास्त अभिमान आहे.

तरी मॅनेजरला मी सहजासहजी सोडलं नाही हं. रात्री जागून शोधलं (जागून, हेही चुकलंच). २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून सांगितलंय की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त. म्हटलं, सापडला! लगेच माझे तास मोजले. बावन्न. तीन कमी पडले. साला तिथेही आपण काठावर नापास.

डॉक्टरांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले, चिडलास की बीपी चढतं हे खरं, पण ते उतरतंही. तुझं रविवारी सकाळी, पेपर वाचतानाही १५० आहे. ऑफिस तुझ्या अंगात शिरतं ते वेगळ्या वाटेने: झोप पाच तासांवर आली, जेवण रात्री अकराला, चालणं पार्किंगपासून लिफ्टपर्यंत, वजन दहा वर्षांत अकरा किलो. याला टेन्शन म्हणालास की हात झटकून मोकळा होतोस.

हे मात्र लागलं मला. कारण खरंच, टेन्शन म्हटलं की मला काही करावं लागत नव्हतं. मॅनेजर बदलेपर्यंत थांबायचं, बस.

लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, ईसीजी सगळं झालं, ठीक निघालं. टेल्मिसार्टन ४० ही बीपीची एक गोळी सकाळी सुरू झाली. तेव्हा मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही. "एकदा सुरू केली की आयुष्यभर" हे वाक्य मीच किती जणांना ऐकवलंय. चष्माही आयुष्यभरच असतो म्हणा, पण चष्मा लावल्यावर लगेच दिसतं. या गोळीने काही म्हणजे काही वाटत नाही. आधीही वाटत नव्हतं, आताही नाही. अप्पा नेमके तिथेच फसले असणार. आता मी डबीवर वार लिहिलेत आणि डबी टूथब्रशच्या पेल्यात ठेवतो.

सकाळी म्हातोबाच्या टेकडीवर जातो, आठवड्यातून पाच दिवस. चाळीस मिनिटं. वर दोन आजोबा रोज भेटतात आणि रोज मेट्रोवरून भांडतात. त्यांचं बीपी किती असेल हा प्रश्न मी अजून विचारलेला नाही. वजन चार किलो उतरलं. परवाची सरासरी १२८/८२. रात्रीचा कॉल आहे तसाच आहे, फक्त मी आता आठलाच जेवून घेतो आणि उभा राहून बोलतो.

आता तुझं. वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलंय (या दोघी काय काय बोलतात, देव जाणे) की तू घोरतोस, मध्येच श्वास अडकतो आणि दचकून उठतोस. दिवसा काउंटरवर पेंगतोस ते जेवणामुळे नसेल. झोपेत श्वास अडकणं आणि बीपी हातात हात घालून असतात, म्हणून हे डॉक्टरांना मुद्दाम सांग. तंबाखूबद्दल मी लिहीत नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि तू माझं ऐकत नाहीस.

गौरी-गणपतीला सांगलीला येतोय. मशीन घेऊन येतो. वहिनींना सांगून ठेवलंय, पहिल्या दिवशी सकाळी तुला चहा द्यायचा नाही, बार भरू द्यायचा नाही, पाच मिनिटं खुर्चीत गप्प बसवायचं. तू पाच मिनिटं गप्प बसलेला बघायला आमची मुलंही येणार आहेत.

काकूंना नमस्कार सांग. लिंबाचं लोणचं घातलं असेल तर म्हणावं, या वेळी बरणी बांधून देऊ नका, पानात एक फोड वाढा.

तुझा,
दिग्या