औषधांचा डबा मी सोबत आणला आहे

पुणे, १२ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गाडीने इंदूर सोडल्यापासून हे पत्र मनात घोळत होते. फडताळातला औषधांचा पत्र्याचा डबा मी न विचारता बॅगेत टाकला, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. फोनवर दोघेही त्याबद्दल अवाक्षर बोलला नाहीत, त्यामुळे मला अधिकच अपराधी वाटते आहे. त्याहून मोठा अपराध असा, की निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शेव आणायला जाते असे सांगून मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांकडे गेले आणि यापुढे चिठ्ठीशिवाय आपल्या घरी दुखण्याची कोणतीही गोळी देऊ नका, अशी त्यांना विनंती करून आले. बाबा, तीस वर्षांच्या ओळखीच्या माणसासमोर मुलीने आपला कारभार काढून घेतला, असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. तसे वाटू नये म्हणून एवढे सविस्तर लिहीत आहे.

बाबा, गेल्या जूनमध्ये तुमचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडले की रक्तात वाढणारा तो आकडा, १.१ होते आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते १.९ निघाले, हे तुम्हीच तुमच्या वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे. तेव्हा आपण सगळे वय, थंडी आणि मिठाला दोष देत बसलो. डॉक्टरांनी मात्र घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या आणि दोनच पट्ट्या बाजूला काढल्या.

आई, यापुढचे तू पदर डोळ्यांना न लावता वाच. बाबांचा खांदा धरला की तुझ्या गुडघ्याच्या गोळ्यांतली एक तू त्यांना देत होतीस. आधी कधीमधी आणि दिवाळीनंतर रोज रात्री, तेही स्वतःची गोळी चुकवून. त्या गोळीत असेक्लोफेनॅक हे वेदनाशामक आहे. बाबांच्या रक्तदाबाच्या एकाच गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी दोन औषधे आहेत, त्यांतले दुसरे लघवीवाटे पाणी काढणारे. आपल्याकडे नर्मदेचे पाणी कमी दाबाने आले की वरच्या टाकीत चढत नाही, तसेच मूत्रपिंडाचे आहे. रक्त गाळायला त्याला आत दाब लागतो. पाणी काढणारे औषध शरीरातले पाणीच कमी करते, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी नळी सैल करते आणि दुखण्याची गोळी आत येणारी नळी आवळते. यांतले एकेक औषध बहुतेकांना सोसते. तिन्ही एकत्र आली की उतारवयातले मूत्रपिंड अडचणीत येते. हे तुला कोणी सांगितले नव्हते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने, गोळी विकणाऱ्याने, निदान फोनवर ‘औषधे घेता ना?’ एवढेच विचारून मोकळी होणाऱ्या माझ्यासारखीने सांगायला हवे होते. तुझ्या हातून झाली ती माया झाली. ती गोळी थांबवल्यावर निघण्यापूर्वीच्या तपासणीत आकडा १.३ वर आला, हेही तूच देवापुढे साखर ठेवून साजरे केलेस.

बाबा, तुम्ही कागद पाहिल्याशिवाय काही मानत नाही, म्हणून सांगते. डॉ. मार्क बीयर्स यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची एक यादी केली. तिची २०२३ ची सुधारित आवृत्ती छापून सोबत पाठवत आहे. या जातीची वेदनाशामके दीर्घकाळ घेऊ नयेत असे तीत आहे, आणि तुमची झोपेची अल्प्राझोलामही तीत आहे, कारण त्या गोळीने म्हातारपणी तोल जातो आणि माणूस रात्री पडतो. (मोरीतल्या त्या रात्रीबद्दल मी काही विचारणार नाही, मला ठाऊक आहे.) पण कृपा करून यादी वाचून ती गोळी एका दिवसात सोडू नका. अचानक बंद केल्यास फार त्रास होतो, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे ती हळूहळूच उतरवायची आहे.

तुमच्या सोयीत मी काही कमी ठेवलेले नाही. खांद्याला लावायचे मलम आणि शेकण्याची नवी पिशवी दिवाणाखाली आहे. फारच दुखले तर साधी पॅरासिटामॉल चालेल, मात्र दिवसाला तीन ग्रॅमच्या आत, आणि सर्दीच्या गोळीतही बहुधा तीच असते हे लक्षात ठेवून. सात कप्प्यांची डबी आईने रविवारी भरावी आणि बाबांनी प्रत्येक औषधाचे मूळ नाव, कंपनीने दिलेले नव्हे, मोठ्याने वाचून वहीत लिहावे. कारभार तुमचाच आहे, बाबा; मी फक्त डबा नेला. लहानपणी मलेरियाची कडू गोळी तुम्ही दोन चमच्यांत चिरडून गुळात लपवायचात आणि मी ती गिळेपर्यंत सराफ्यातल्या गराडूचे आमिष दाखवायचात. तुम्ही कधी मला चुकीचे काही दिले असेल, अशी शंकाही माझ्या मनाला शिवत नाही.

आता थोडी दमदाटी करते. उन्हाळ्यात जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर रक्तदाबाची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करायचाच, कारण अंगातले पाणी कमी असताना हीच गोळी घात करू शकते. भजनाआधी जेष्ठमध चघळणे बंद. त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. आवाजासाठी कोमट पाणी प्या. आई, तुझ्या गुडघ्यासाठीही त्याच डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तेव्हा ‘माझे काय, मी ठीक आहे’ हे पालुपद लावू नकोस. शेजारच्या काकूंची गोळी घरात येणार नाही आणि आपली त्यांच्याकडे जाणार नाही. नानांच्या वेळी काय झाले ते तुम्ही दोघे विसरला नसालच.

येत्या सोमवारी सकाळी सात वाजता रक्त घ्यायला मुलगा येईल. जिन्यातला दिवा लावून ठेवा आणि बाबांनी दुखण्याचे काही घेतले असेल तर त्याला खरे सांगा. डबा मावशीने दिलेला आहे हे मी जाणते. रंगपंचमीला येईन तेव्हा तो घासूनपुसून परत आणीन. पुण्याला निघताना त्यात लवंगाची शेव भरून दे.

तुमची,
माऊ