प्लाकची टक्केवारी छापताना मोजण्याची पद्धतही छापा

संपादक महोदय,

हृदयविकाराच्या बातम्यांतला ‘७०% ब्लॉकेज’ हा आकडा आता वाचकांच्या चांगलाच ओळखीचा झाला आहे. तो अँजिओग्राफीतून येतो आणि रक्तवाहिनी किती अरुंद झाली एवढेच सांगतो. प्लाक म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेला थर. ‘प्लाकमध्ये चरबी इतके टक्के, कोलॅजन (तंतुमय प्रथिन) इतके टक्के’ हा आकडा निराळा. तो सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो, आणि कसा काढला हे सोबत नसेल तर त्यावर विसंबता येत नाही. हे मोजमाप कुठे घसरते, ते वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

मानेतल्या कॅरोटिड धमनीतून शस्त्रक्रियेने काढलेला प्लाक आधी १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात मुरू देतात, मग त्याचे ३ ते ५ मिलिमीटरचे आडवे तुकडे करतात. जुना प्लाक दगडासारखा टणक असतो. तो तसाच मेणात बसवला तर मायक्रोटोम या पातळ काप करणाऱ्या यंत्राच्या पात्याखाली काप फाटतो, कॅल्शियमचा खडा निखळतो आणि भोक पडते. म्हणून तुकडा ईडीटीए या कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनात ठेवून कॅल्शियम काढून घेतात. याला कित्येक दिवस लागतात. घाईपोटी तीव्र आम्ल वापरले, तर पुढे मॅक्रोफेज (चरबी गिळणाऱ्या संरक्षक पेशी) ओळखणारा सीडी६८चा रंग नीट चढत नाही. शिवाय कॅल्शियम निघून गेल्यावर व्हॉन कोसा या कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगाने ते मोजण्यात अर्थ नसतो. ते आधीच मायक्रो-सीटीवर (सूक्ष्म क्ष-किरण स्कॅनवर) मोजून ठेवावे लागते.

चरबीच्या बाबतीत फसगत जास्त होते. मेणात बसवण्याआधी वापरलेले अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवून नेतात. कोलेस्टेरॉलचे स्फटिक जिथे होते, तिथे सुईसारख्या, टोकांना निमुळत्या पांढऱ्या फटी तेवढ्या उरतात. या फटी, निखळलेल्या खड्याचे भोक आणि धमनीची पोकळी, छायाचित्रावरून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला तिन्ही सारखीच पांढरी दिसतात. ‘पांढरे ते वगळा’ असे ठरवून दिले, की प्लाकच्या मृत गाभ्यातला (मेलेल्या पेशी आणि चरबी साचलेल्या मधल्या भागातला) मोलाचा भाग हिशेबाबाहेर जातो. गाभ्याची सीमा जाणत्या नजरेने, हातानेच आखायला हवी, आणि दोघांनी एकमेकांचे न पाहता आखलेली बरी. ऑइल रेड ओ या चरबी रंगवणाऱ्या रंगाने चरबी मोजायची असेल तर मेण टाळून, तुकडा गोठवून, ८ ते १० मायक्रॉनचे काप घ्यावे लागतात.

पिक्रोसिरिअस रेडने रंगवलेले कोलॅजन ध्रुवित प्रकाशात झळकते. पण ज्या तंतूंची दिशा ध्रुवकाशी (प्रकाश ध्रुवित करणाऱ्या भिंगपट्टीशी) जुळते ते काळे पडतात. स्लाइड ४५ अंशांनी फिरवली, की तेच तंतू उजळतात. साहजिकच, एकाच कोनातल्या छायाचित्रावरून काढलेले कोलॅजन कमी भरते.

कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बंद असावेत, दिवा एकाच खुणेवर असावा आणि रिकाम्या काचेचे एक छायाचित्र घेऊन कडांचा अंधार दुरुस्त करावा. प्रतिमा टिफमध्ये ठेवाव्यात. जेपेगच्या आकुंचनात रंगांच्या कडा बिघडतात. इमेजजे किंवा क्यूपाथ या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाचा उंबरठा (किती गडद असेल तर मोजायचे ती मर्यादा) तुलनेसाठीच्या नियंत्रण-स्लाइडवर एकदा ठरवून पूर्ण तुकडीला तोच लावावा. प्रत्येक स्लाइडला ‘बरा दिसेल’ असा बदलत गेले, तर आलेला आकडा मोजणाऱ्याच्या मनातला असतो.

टक्केवारीच्या अपूर्णांकात छेद म्हणून कोणते क्षेत्र घेतले, हे तर क्वचितच सांगतात. २ चौरस मिलिमीटरचा गाभा ५ चौरस मिलिमीटरच्या प्लाकमध्ये ४०% होतो. त्यात धमनीचा स्नायूथर धरून क्षेत्र ८ केले, की तोच गाभा २५%. दोन्ही आकडे बरोबर, पण एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत.

टक्केवारीत मोजपट्टीची चूक अंश आणि छेद दोन्हींत येऊन उडून जाते. गाभ्यावरच्या तंतुमय टोपीची जाडी मात्र थेट मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि हृदयाच्या धमन्यांत ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ टोपी फुटण्याच्या धोक्याची मानली जाते. मोजपट्टी १०% चुकली, तर ६० मायक्रॉनची टोपी ६६ दिसते आणि धोक्याच्या यादीतून निसटते. काप तिरका गेला तरी टोपी जाडच दिसते.

तेव्हा अशा संशोधनाची बातमी देताना किती प्लाक, प्रत्येकाचे किती काप, कोणता रंग आणि टक्के कशाचे, या चार गोष्टी कृपया छापाव्यात. त्यांना दोन ओळी पुरतात.

– ऊतिविकृतिशास्त्राचे अभ्यासक, पुणे