‘सुवर्ण वर्तुळ’ बस सहल : सूर्यास्त म्हणजे खराब हवामान नव्हे

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आइसलँडमधील ‘सुवर्ण वर्तुळ’ या एकदिवसीय बस सहलीत जाहीर केलेली ठिकाणे न दाखवल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

संदर्भ : माझी पहिली ईमेल आणि तिला आपण दिलेले उत्तर

महोदय / महोदया,

आपले उत्तर मिळाले. ‘निसर्गापुढे कोणाचेच काही चालत नाही, हवामानामुळे कार्यक्रमात झालेल्या बदलांची जबाबदारी अटींनुसार कंपनीवर येत नाही,’ असे आपण कळवले आहे आणि पुढच्या सहलीवर दहा टक्के सवलत देऊ केली आहे. माझी ईमेल कोणी वाचली होती का, अशी शंका मला हे उत्तर वाचून आली, कारण मी हवामानाबद्दल चकार शब्दही काढलेला नव्हता. त्या दिवशी आकाश निरभ्र होते. वारा पडलेला होता. आमच्या मार्गावरचा एकही रस्ता बंद नव्हता. ठिकाणे दिसली नाहीत ती अंधार झाल्यामुळे, आणि अंधार कधी होणार हे तिथल्या पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते.

आइसलँडची राजधानी रेक्याविक 64 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा, तिथे सूर्य सकाळी सव्वाअकराच्या पुढे उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर येतो. आधीचा आणि नंतरचा संधिप्रकाश धरला तरी डोळ्यांना नीट दिसेल असा उजेड सहा-साडेसहा तासांचा. आपले माहितीपत्रक म्हणते : ‘आठ तास, चार जगप्रसिद्ध निसर्गस्थळे, मराठी मार्गदर्शक सोबत’. जूनमध्ये हे सहज जमत असेल, तेव्हा तिथे धड रात्रच होत नाही. पण आपण डिसेंबरच्या ग्राहकालाही तेच पत्रक, तेच हिरवेगार फोटो आणि तेच वेळापत्रक विकता. माझी तक्रार मुळात एवढीच आहे. बाकीचे सगळे तिच्यातूनच निघाले आहे.

आता त्या दिवसाच्या वेळा. मी त्या फोनमध्ये टिपून ठेवल्या होत्या आणि फोटोंवरच्या वेळांशी ताडून पाहिल्या आहेत.

पत्रकानुसार बस नऊ वाजता निघणार होती. रेक्याविकच्या मध्यवस्तीत मोठ्या बसना यायला मनाई आहे, म्हणून प्रवाशांना क्रमांक लावलेल्या थांब्यांवरून घेतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. आम्ही पावणेनऊपासून थांब्यावर होतो. नऊ चाळीसला एक छोटी गाडी आली. तिने आणखी काही थांबे घेतले, मग सगळ्यांना आगारात उतरवले, आणि तिथे मोठ्या बससाठी पुन्हा रांग. शहर सोडेपर्यंत पावणेअकरा झाले होते. म्हणजे आठ तासांतले पावणेदोन तास आम्ही शहरातच घालवले. एवढ्यावरही मी गप्प बसले असते, कारण तोवर तसाही सूर्य उगवलेला नव्हता.

राग आला तो पहिल्या थांब्याचा. हवेरागेर्दीजवळ लोकरीच्या स्वेटरांचे दुकान. पत्रकात या थांब्याचा उल्लेख नाही. तिथे आम्ही पन्नास मिनिटे होतो, अकरा पस्तीस ते बारा पंचवीस. दिवसाला चार तास ऊन मिळणाऱ्या देशात उन्हाचा पहिला जवळजवळ तास आपण आम्हाला दुकानाच्या वाहनतळावर दिलात. स्वेटर चांगले होते, हेही लिहून टाकते.

याच दुकानासमोर आमची ‘मराठी मार्गदर्शका’शी गाठ पडली. मार्गदर्शक म्हणजे प्रत्येक आसनाला लावलेला हेडफोन आणि त्यातले ध्वनिमुद्रण. चालक प्रत्येक ठिकाण आले की पुढचे बटण दाबायचा. हे मुद्रण उन्हाळ्यातल्या क्रमाने केलेले आहे : आधी थिंगवेट्लिर ही जुन्या संसदेची जागा, मग गेसिरचे गरम पाण्याचे झरे, मग गुलफॉस धबधबा, शेवटी केरिथ विवर. आमची बस मात्र उलट्या बाजूने निघाली होती. त्यामुळे समोर स्वेटरांची दुकानखिडकी आणि कानात धीरगंभीर आवाज : आपण उभे आहात त्या जागी इसवी सन 930 मध्ये अल्थिंग ही आइसलँडची संसद प्रथम भरली. बसमध्ये हशा पिकला. चालकाला मराठी येत नव्हते, त्याला बिचाऱ्याला वाटले आम्ही खूश आहोत. त्याने अंगठा दाखवला.

केरिथ हे पत्रकातले चौथे स्थळ. ज्वालामुखीच्या तांबड्या मातीचे विवर, सुमारे 55 मीटर खोल, तळाशी पाणी. आमच्या रस्त्याला ते सर्वांत आधी लागले, लख्ख उजेडात, आणि बस न थांबता पुढे गेली. विवर जमिनीत खाली असते, ते बसच्या काचेतून दिसत नाही. दिसला तो वाहनतळ. विचारल्यावर चालकाने सांगितले की त्याच्या आजच्या यादीत हा थांबाच नाही. म्हणजे हा निर्णय रस्त्यावर झालेला नाही, तो आपल्या कार्यालयात झाला आहे. आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आणून द्यायची आहे. या चार ठिकाणांपैकी माणशी प्रवेशशुल्क फक्त केरिथला आहे, कारण ती जागा खासगी मालकीची आहे. नेमके तेच ठिकाण वगळले जाणे हा योगायोग असेल, तर तसे लेखी कळवावे. आणि पत्रकातल्या दरात धरलेल्या त्या तिकिटाचे काय झाले, तेही.

गेसिरला आम्ही दीड वाजता पोहोचलो. तिथे आधी आपल्या भागीदार उपाहारगृहात जेवण सक्तीचे होते. तिथली रांग धरून पंचावन्न मिनिटे गेली. झऱ्यांसाठी उरली पंचवीस. खरे सांगायचे तर सबंध दिवसात पैसे वसूल झाले ते या पंचवीस मिनिटांत. तिथला स्ट्रोक्कुर हा गरम पाण्याचा झरा दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो. आधी कुंडातले पाणी श्वास घेतल्यासारखे खालीवर होते, मग एकदम निळा घुमट फुगून वर येतो, आणि तो फुटला की पंधरा-वीस मीटर उंच उकळते पाणी. माझ्या आईने दोन्ही वेळा लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. वारा नसला तरी वाफ कुठे झुकते आहे ते पाहून पलीकडच्या बाजूला उभे राहा, असे चालकाने आपणहून हातवारे करून समजावले. आपल्या ध्वनिमुद्रणात या धोक्याबद्दल काही नाही. तिथे पाणी भाजण्याइतके गरम असते, दोरीच्या आत लोक जातात आणि भाजून घेतात. उलट मुद्रणात ‘गेसिर दर काही मिनिटांनी उसळतो’ असे सांगितले आहे, तेही चूक आहे. ज्याच्यावरून जगातल्या सगळ्या उष्णोदकाच्या कारंज्यांना नाव मिळाले, तो जुना गेसिर आता बहुतेक काळ शांतच असतो. दर काही मिनिटांनी उसळणारा तो शेजारचा स्ट्रोक्कुर. अर्थात ही चूक आम्हाला तिथे कळलीच नाही, कारण ते मुद्रण केरिथच्या वाहनतळावरून पुढे जातानाच वाजून गेले होते.

गुलफॉस गेसिरपासून दहा किलोमीटरवर, दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. आम्ही तिथे उतरलो तेव्हा तीन दहा झाले होते आणि परत बसमध्ये बसण्याची वेळ होती साडेतीन. लांगयोकुल हिमनदीचे पाणी घेऊन येणारी ह्वीताउ नदी इथे दोन टप्प्यांत, आधी 11 आणि मग 21 मीटर, एका अरुंद घळीत कोसळते. आम्ही कठड्यापाशी पोहोचलो तोवर ऊन गेले होते आणि घळ करडी झाली होती. पाण्याजवळ नेणारी खालची वाट बर्फामुळे प्रशासनाने बंद केली होती. ते योग्यच होते आणि त्याचे खापर मी आपल्यावर फोडत नाही. पण वरच्या वाटेवरही काचेसारखा बर्फ होता. आपल्या सूचनापत्रात ‘बुटांना लावायचे बर्फाचे काटे कंपनी पुरवेल’ असे ठळक अक्षरांत आहे. बसमध्ये एकही जोड नव्हता. या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही शहरातून ते विकत घेतले नव्हते. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला मी त्या बर्फावर नेऊ शकले नाही. तिने गुलफॉस पाहिला नाही. वाहनतळावरून आवाज ऐकला, तेवढाच. दरम्यान हेडफोनमधला आवाज ‘आता विवराच्या काठावरून खाली वाकून पाहा’ असे सांगत होता.

इथेच सिग्रिदुर तोमासदोत्तिर या शेतकरी बाईची स्मृतिशिळा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धबधब्यावर वीजप्रकल्प होणार होता. तो होऊ नये म्हणून ती भांडली, रेक्याविकपर्यंत पायी गेली. तिला मदत करणारे वकील स्वेन ब्योर्नसन पुढे 1944 मध्ये आइसलँडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मी हे घरून वाचून गेले होते आणि ती शिळा मला पाहायची होती. वीस मिनिटांत वाहनतळ, बर्फ, कठडा आणि परत, यात ते बसले नाही.

थिंगवेट्लिरला बस थांबली चार पन्नासला. युनेस्कोने 2004 मध्ये जागतिक वारसा ठरवलेली जागा. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट इथे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर जात आहेत. मधली जमीन खचली आहे आणि कडेला भिंतींसारखे उभे कातळ राहिले आहेत. त्यातल्या अल्मान्नाग्याउ नावाच्या घळीतून चालत खाली उतरणे हा या संपूर्ण सहलीचा गाभा. आम्ही ती घळ मोबाइलच्या विजेरीत पाहिली. पुढच्या माणसाची पाठ आणि दोन्हीकडे ओला काळा दगड. कायद्याचा खडक, म्हणजे अल्थिंगमध्ये जिथून कायदे सांगितले जात ती जागा, कुठे आहे असे विचारल्यावर चालकाने अंधारात एका दिशेला हात केला. आम्ही त्या दिशेचा फोटो काढला आहे. तो सोबत जोडला आहे. पूर्ण काळा आहे, फाईल बिघडलेली नाही. हेडफोनमध्ये तोवर शेवटचे मुद्रण लागले होते : सहल आवडली असल्यास आम्हाला पाच तारे द्यावेत.

हे टाळता येण्यासारखे होते, म्हणून हा पत्रप्रपंच. रेक्याविक ते गुलफॉस थेट रस्ता साधारण दोन तासांचा आहे. नऊ वाजता खरोखर निघून दुकान वगळले असते, तर उजाडता-उजाडता गुलफॉस, मग दहा मिनिटांवर गेसिर, आणि सूर्य मावळण्यापूर्वी थिंगवेट्लिर. परतीचा प्रवास काळोखात झाला असता तरी कोणाचे काय बिघडले असते? हिवाळ्यात बस अंधारात पळवायची आणि उजेडात उभी करायची, इतके साधे गणित आहे. चालकाने मला सांगितले की दुकानाची आणि जेवणाची वेळ कंपनीने बांधून दिलेली आहे, ती त्याला बदलता येत नाही. या माणसावर कृपया कारवाई करू नये. बर्फाळ रस्त्यावर त्याने बस अत्यंत जपून चालवली आणि आईला प्रत्येक वेळी हात देऊन उतरवले. आपल्या सेवेत जे चांगले होते ते तोच होता.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही तिकिटांची निम्मी रक्कम परत करावी : एक ठिकाण पूर्णपणे वगळले गेले, एक अंधारात दाखवले गेले. केरिथचे प्रवेशशुल्क त्याशिवाय वेगळे. आईच्या तिकिटापुरता गुलफॉसचाही हिशेब करावा, कारण काटे पुरवण्याचे लेखी आश्वासन आपले होते. पत्रकातून ‘मराठी मार्गदर्शक’ हे शब्द काढून ‘मराठी ध्वनिमुद्रण’ असे लिहावे, आणि नोव्हेंबर ते जानेवारीच्या सहलींच्या पानावर प्रत्येक थांब्याची वेळ आणि त्या दिवसाची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ शेजारी-शेजारी छापावी. हे शेवटचे मला पैशांइतकेच महत्त्वाचे वाटते. ते छापलेले असते तर मी ही सहल घेतलीच नसती, आणि बहुधा म्हणूनच ते छापलेले नाही.

दहा टक्के सवलतीचे कूपन मी परत करत आहे. ते उत्तर ध्रुवीय प्रकाशाच्या सहलीसाठी आहे असे दिसते. त्या सहलीला अंधारच लागतो, तेव्हा ती आपल्याला नक्की चांगली जमेल, पण मला नको.

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. या कायद्यानुसार ती मी राहते त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरात मला यावे लागत नाही. उत्तर पाठवताना हवामानाचे कलम पुन्हा जोडू नये.

आपली,
एक ग्राहक
(नाव आणि आरक्षण क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत : पावतीची प्रत, माहितीपत्रक व सूचनापत्र, वेळांसह फोटो (काळा फोटो धरून), न वापरलेले कूपन