माळ्यावरील उष्णतारोधक कामात हवा खेळण्याच्या वाटा बुजवल्याबाबत तक्रार

दिनांक : १९ ऑगस्ट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कौलारू छपराखालील फोमचे सदोष काम दुरुस्त करून मिळणेबाबत

महोदय,

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या जांभ्या दगडाच्या घराच्या माळ्यावर आपल्या कंपनीने गेल्या मार्चमध्ये उष्णतारोधक फोमचे काम केले आणि त्याची संपूर्ण रक्कम मी तेव्हाच चुकती केली. एप्रिल-मे महिन्यांत माळा पूर्वीपेक्षा बराच थंड राहिला, हे मी मान्य करतो. माझी तक्रार पावसाळा सुरू झाल्यानंतरची आहे.

आपल्या प्रतिनिधींनी पाहणीच्या वेळी दाखवलेल्या माहितीपत्रकातील आकृतीत कौले आणि उष्णतारोधक थर यांच्यामध्ये ५० मिलिमीटरची पोकळी, वळचणीला हवा आत येण्यासाठी जाळी आणि आढ्यापाशी ती बाहेर पडण्याची वाट स्पष्ट काढलेली होती. प्रत्यक्षात कामगारांनी मंगलोरी कौलांच्या खालच्या बाजूवरच थेट फोम फवारला, कौले पेलणाऱ्या लाकडी रीपा त्यात पूर्ण बुडवल्या, वळचणीची फट बुजवली आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींतले झरोकेही गरम हवा आत येते म्हणून बंद करून टाकले.

मातीचे कौल पावसात थोडे पाणी पिते आणि उघडीप मिळाली की वरून वारा-उन्हाने व खालून खेळत्या हवेने सुकते. कौलांच्या सांध्यांतून आत आलेले चार थेंबही त्याच हवेने उडून जातात. आता खालची बाजू कायमची बंद झाल्याने ते पाणी फोम आणि लाकूड यांच्यामध्ये अडकते व बाहेरून दिसतही नाही. जुलैअखेर माळ्यावर कुबट वास येऊ लागला, म्हणून सुताराकडून एका ठिकाणचा फोम कापून घेतला, तेव्हा आतली रीप काळी पडून नखाने उकरली जाईल इतकी मऊ झालेली आढळली. माळ्यावर ठेवलेली आमसुले आणि तांदळाची दोन पोती बुरशीमुळे टाकून द्यावी लागली.

दुसरी अडचण आमच्या भागात काम करणाऱ्याला ठाऊक असायला हवी होती. वानरांच्या उड्यांनी दरवर्षी दहा-वीस कौले फुटतात आणि फुटलेले कौल सरकवून नवे बसवणे हे अर्ध्या तासाचे काम असते. आता सगळी कौले फोमने एकमेकांना चिकटली असून एक काढायला गेले की शेजारची तीन तुटतात. शिवाय न्हाणीच्या चुलीचा धूर पूर्वी कौलांतून निघून जाई, तो आता माळ्यावर साठतो. आणि चुलीच्या वरच ज्वलनशील फोम उघडा ठेवलेला आहे, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते.

दूरध्वनीवरून तक्रार केली असता आपल्या कार्यालयाने एक्झॉस्ट पंखा बसवण्याचा सल्ला दिला. वळचण आणि झरोके बंद असताना तो पंखा हवा खेचणार कुठून, याचे उत्तर मला मिळाले नाही. ती खालच्या खोल्यांतूनच, म्हणजे चुलीच्या धुरासकट, वर ओढली जाईल.

तरी आपण न्हाणीवरील फोम तातडीने आणि उर्वरित फोम पाऊस ओसरताच काढावा, कुजलेल्या रीपा व तुटलेली कौले स्वखर्चाने बदलावीत, झरोके मोकळे करावेत आणि माहितीपत्रकात दाखवल्याप्रमाणे वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग पोकळी राखून वाशांच्या खालून नवा थर बसवावा. हे शक्य नसल्यास पूर्ण रक्कम व फोम काढण्याचा खर्च परत करावा. २१ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. पावती, माहितीपत्रकाची प्रत आणि कापलेल्या भागाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
घरमालक व ग्राहक