सूचना: विसर्जन मिरवणुकीनंतर घरी जाताना

सर्व वादक मंडळींना,

अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवरचं वादन संपवून अलका टॉकीज चौकातून बाहेर पडायला पहाट होऊ शकते. वाद्यं टेम्पोत चढली की लगेच बाईक काढून कात्रज, वाघोली, पिंपरीकडे निघू नका.

सलग १७ तास जागा असलेला माणूस साधारण तितकाच मंदावतो, जितका रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना मंदावेल. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबही न घेता ही अवस्था, आणि आपण तर तासन् तास कमरेला ढोल बांधून उभे असतो! ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. डुलकी लागली हे कळतही नाही. चहाने तरतरी येते, झोप भरून निघत नाही.

वादनानंतर 'बसायचा' बेत असेल त्यांनी गाडी घरीच ठेवावी. दारू पिऊन गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आम्हाला काळजी दंडाची नाही, तुमची आहे.

पेठेत राहणाऱ्या सभासदांनी घरात सतरंज्या टाकायची तयारी दाखवली आहे. मुलींची सोय वेगळी आहे. दोन-तीन तास झोपा, मग निघा. लांब राहणाऱ्यांनी आपलं नाव पथकप्रमुखांकडे आधीच द्यावं आणि घरी उशीर होईल हे सांगून यावं.